मदत हवी आहे: कन्याकुमारीच्या सूर्योदयाला रिव्हर्स ग्रॅज्युएटेड फिल्टर की दोन फ्रेमची जोडणी?

कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरून विवेकानंद शिलास्मारक आणि १३३ फुटी तिरुवल्लुवर पुतळा चौकटीत घेऊन सूर्योदय टिपायचा आहे. जानेवारीत, म्हणजे सूर्य आग्नेयेला उगवतो तेव्हा.

फुल फ्रेम कॅमेरा, १६-३५ लेन्स, एफ/११, आयएसओ १००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल). पुढच्या खडकांवरून परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्यात, म्हणून शटर अर्धा ते एक सेकंद. सूर्य वर आला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर १/६० सेकंद सांगतो, तेव्हा ६ स्टॉपचा एनडी (सगळा उजेड सारखा कमी करणारा फिल्टर; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावतो. इथवर ठीक. अडचण क्षितिजाची आहे: तिथला उजेड बाकी चौकटीपेक्षा फार जास्त.

३ स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड (वर गडद, खाली हळूहळू पारदर्शक होणारा फिल्टर) लावून पाहिला. त्याचा गडद भाग वरच्या आकाशावर जातो आणि जिथे उजेड सर्वात जास्त, तिथेच तो फिका पडतो. शिवाय पुतळा ठार काळा होतो. २ स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम घेतल्या, तर प्रत्येकीत लाट वेगळी. सॉफ्टवेअरने आपोआप जोडल्यावर पाण्यात भुतं (एकावर एक आलेल्या अर्धवट लाटा) दिसतात. २ स्टॉप कमी एक्सपोजर देऊन सावल्या उचलल्या, तर ओल्या खडकांत नॉइज (दाणेदारपणा) येतो.

ट्रायपॉड खडकावरच असतो, वाळूत खचत नाही. लेन्सवरचे तुषार दर दोन-तीन फ्रेमनंतर पुसतो. फिल्टरचा होल्डर १०० मिमीचा, पण १६ मिमीला दोन फिल्टर लावले की कोपरे काळे होतात. आकाश बदलून दुसरंच लावायचं नाही.

रिव्हर्स ग्रॅज्युएटेडने (क्षितिजाशी सर्वात गडद, वर फिका होत जाणारा फिल्टर) क्षितिज सांभाळलं तरी पुतळ्याचा तपशील टिकतो का? की पाणी एकाच फ्रेममधलं ठेवून दुसऱ्या फ्रेममधलं फक्त आकाश हाताने मास्क करून (तेवढाच भाग निवडून) जोडावं, आणि तसं केल्यास पुतळ्याच्या कडेची पांढरी रेघ कशी टाळता?