एकही प्रायमरी न लढता हम्फ्री १९६८ ला उमेदवार झालाच कसा?

काजवा:
१९६८ च्या अमेरिकन निवडणुकीबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट काही केल्या पचत नाहीये. डेमोक्रॅटिक पक्षात युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी राज्याराज्यांत फिरून प्रायमऱ्या (पक्षाचा उमेदवार कोण यासाठी राज्यात होणारं मतदान) लढवत होते, ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत उतरला नाही, तरी तिकीट त्यालाच. मग लोकांनी मतं दिली कशाला? कोणी नीट सांगेल का

जुनापेपर:
अहो तेव्हा प्रायमऱ्या मोजक्याच राज्यांत व्हायच्या. बाकी ठिकाणचे डेलिगेट म्हणजे उमेदवार ठरवायला पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे लोक पक्षाचे पुढारी, गव्हर्नर, महापौर यांच्या शब्दातले. ३१ मार्चला तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सननी टीव्हीवर निवडणुकीतून माघार जाहीर केली, उपाध्यक्ष हम्फ्री २७ एप्रिलला उतरला, तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदतच संपलेली, मग त्याने थेट पुढारी आणि कामगार संघटना गाठल्या. शिकागोच्या अधिवेशनात त्याला साडेसतराशेच्या वर मतं, मॅकार्थीला ६०१.

रानवारा:
केनेडीला विसरू नका. ४ जूनला कॅलिफोर्निया जिंकला, त्याच रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात गोळ्या घातल्या, ६ ला गेला. पण तो असता तर तिकीट नक्की त्यालाच मिळालं असतं असं जे म्हणतात ते मला नाही पटत, पुढारी हम्फ्रीकडेच होते.

काजवा:
ओके, म्हणजे चोरी नव्हती, नियमच तसे होते. मग लोक गप्प बसले?

जुनापेपर:
गप्प कसले! बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या पोरांना पोलीस बडवत होते आणि आत सिनेटर रिबिकॉफ स्टेजवरून त्या पोलिसांना गेस्टापो (हिटलरचे गुप्त पोलीस) म्हणाले, समोरच बसलेले शिकागोचे महापौर डेली तोंडाशी हात धरून त्यांच्यावर ओरडतायत, ते फुटेज बघाच, अजून अंगावर येतं. नोव्हेंबरात रिपब्लिकन निक्सन हम्फ्रीच्या जेमतेम ५ लाख मतांनी पुढे. मला हम्फ्रीचं वाईट वाटतं, नागरी हक्कांसाठी १९४८ पासून भांडलेला माणूस पण लक्षात राहिला जॉन्सनचा माणूस म्हणून. त्यानंतर डेलिगेट निवडीचे नियम बदलायला पक्षाने समिती नेमली, तिचे अध्यक्ष सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. प्रायमऱ्या वाढल्या त्या त्यामुळेच.

रानवारा:
आणि १९७२ ला त्याच नव्या नियमांनी मॅकगव्हर्नच उमेदवार झाला, समोर हम्फ्री होता आणि या वेळी प्रायमऱ्या लढवून हरला.