आठ माइक नसतील तर घरी ड्रम रेकॉर्ड करूच नयेत?

स्नेअरवाला, जळगाव

काल या फोरमवर एकाने ठामपणे लिहिले की, आठ माइक, आठ इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि ध्वनिरोधक खोली यांपैकी एखादी जरी गोष्ट नसेल, तर घरी ड्रम सेट रेकॉर्ड करण्याच्या फंदात पडू नये, सरळ ऑक्टोपॅड (काडीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) घ्यावा. त्याखाली पसंतीचे अंगठे पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

हौशी वादकाकडे पैसे मोजके असतात. ते आधी माइकवर घालवायचे आणि ड्रमवर मात्र दुकानातून आल्यापासून तीच खड्डे पडलेली स्किन ठेवायची, हा उलटा कारभार आहे. स्नेअरची (सेटमधल्या मुख्य, खणखणीत ड्रमची) वरची स्किन बदला, चावी घेऊन प्रत्येक बोल्टपाशी टिचकी मारत सूर सारखा करा, किकमध्ये (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये) जुनी उशी टाका. बेसूर टॉम महागड्या माइकमधून अधिक स्पष्टपणे बेसूर ऐकू येतो, एवढाच फरक पडतो.

माइक चार पुरतात. लंडनचे रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत रूढ केली तीत एक ओव्हरहेड, म्हणजे वरून आवाज टिपणारा माइक, स्नेअरच्या वर साधारण साडेतीन फुटांवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या थाळ्यांच्या जोडीकडे) तोंड करून, आणि दोघांचेही स्नेअरच्या मध्यापासूनचे अंतर अगदी सारखे असते. सुतळीचे एक टोक स्नेअरवर दाबून धरा आणि दुसरे दोन्ही माइकपर्यंत फिरवून पाहा. तिसरा माइक किकला, चौथा स्नेअरच्या कडेला. दोनच इनपुट असतील तर एक ओव्हरहेड आणि एक किक घ्या. ध्वनी मोनो मिळेल, पण तो ड्रमचाच असेल. नंतर किकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटीसुलटी करून दोन्ही एकत्र ऐका आणि ज्यात अंग भरल्यासारखे वाटते तीच ठेवा.

धुळेकर साउंड

ते विधान माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे. ग्लिन जॉन्स यांचे नाव घेणारे प्रत्येक जण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात, ती म्हणजे त्यांचे माइक कुठल्या खोलीत उभे होते. आपल्याकडची खोली दहा बाय बाराची, वर नऊ फुटांवर सिमेंटचा स्लॅब. ओव्हरहेड जरा वर घेतला की तो स्लॅबच्या खाली दोन फुटांवर येतो. स्लॅबवर आपटून परतणारा आवाज चार फूट जास्त चालतो, म्हणजे साधारण साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि १४० हर्ट्झ व त्याच्या विषम पटींना मूळ आवाज खातो. स्नेअरचे अंग त्याच्याच आसपास असते. मग ही मुले तीच फाइल माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, "दादा, जरा पंच आणून द्या." जे माइकपर्यंत पोहोचलेच नाही, ते मी आणू कुठून? आठ जवळचे माइक असले की निदान खोली कमी ऐकू येते.

स्नेअरवाला, जळगाव

तुमचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. स्लॅब जवळ असेल तर ओव्हरहेड खाली घ्या, नाहीतर सेटच्या पुढे छातीच्या उंचीवर ठेवा. आठ माइक म्हणजे एकमेकांत गळणाऱ्या आवाजाच्या आठ जागा आणि फेजची (माइकांमधल्या लहरी एकमेकींशी न जुळण्याची) आठपट डोकेदुखी, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि खोलीचाच मुद्दा असेल, तर लेड झेपलिन या ब्रिटिश बँडने १९७१ च्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी हेडली ग्रेंज नावाच्या घराच्या जिन्यापाशी सेट मांडून वरच्या मजल्यावरून दोनच माइक लावले होते.

धुळेकर साउंड

त्या घराचा जिना तीन मजली होता, भाऊ. आपल्या जिन्यात गॅसची टाकी आणि शेजाऱ्यांची सायकल असते.

अमळनेरी

आपण दोघेही शेजाऱ्यांना विसरलात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि स्नेअर जवळून सहज शंभरच्या पुढे जातो. माझ्या गल्लीत लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजतो तेव्हा कुणाचेही दार उघडत नाही, पण माझा मुलगा दुपारी चारला सरावाला बसला की समोरचे आजोबा काठी टेकत येतात. ही मर्यादा नेमकी कुणासाठी आहे, हे एकदा कुणीतरी सांगावे.

शहादेकर

मूळ प्रश्न माइकांचा आहे हे मान्य आहे, पण "सरळ ऑक्टोपॅड घ्यावा" हे वाक्य वाचून मला राग आला, कारण खान्देशातल्या गाण्यांचे निम्मे वाटोळे याच सल्ल्याने झाले आहे. अहिराणी हळदीचे कोणतेही नवे गाणे लावा: तोच किक, तीच टाळी, तोच नकली संबळ. गायक बदलतो, ठेका बदलत नाही. सातपुड्यात होळीच्या दिवसांत पावरा मंडळींचा मोठा ढोल जवळून ऐकला तर छातीत जे कळते, ते कुठल्याही पॅडमध्ये भरून ठेवलेले नाही. तो ढोल उघड्यावर, दोन माइकांत उत्तम रेकॉर्ड होतो, कारण तिथे स्लॅबच नसतो. पण स्टुडिओवाले तेवढी तसदी घेत नाहीत, बोट दाबून मोकळे होतात.

धुळेकर साउंड

"स्टुडिओवाले" म्हणून सरसकट बोलणे सोपे असते. अहिराणी गाण्याचा निर्माता बहुतेकदा स्वतः गायकच असतो, खर्च त्याच्या खिशातून जातो आणि गाणे लग्नसराईच्या आधी बाहेर पडले नाही तर ते वर्षभर पडून राहते. अशा वेळी ढोलकी, संबळ आणि ड्रम असे तीन वादक बोलवायचे, त्यांचे मानधन, चहापाणी, पुन्हा वाजवून घेणे, हे सगळे कुणाच्या पैशांनी? रोलंडचा ऑक्टोपॅड १९८५ मध्ये बाजारात आला. गाणी त्याने बिघडवली असे म्हणण्याआधी, त्याने किती वादकांच्या घरची चूल पेटवली तेही पाहा. मी स्वतः त्यावरच हात बसवला.

शहादेकर

आणि ज्या संबळवाल्याचे काम त्या पॅडने नेले, त्याची चूल कोणी मोजायची? आपण ज्याचा आवाज विकता, त्याला एकदाही बोलावत नाही, यावर माझा आक्षेप आहे. बोलावणे परवडत नसेल तर निदान खऱ्या संबळाचा एक तास घरच्या घरी रेकॉर्ड करून ठेवा आणि त्याचे पैसे त्याला द्या. इथे पुन्हा स्वस्तातल्या रेकॉर्डिंगचाच प्रश्न येतो, विषयांतर झाले असे कुणी म्हणू नये.

भुसावळ जंक्शन

विषयांतर झालेच आहे, पण असो. मी रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमध्ये वाढलो. भिंती हातभर जाड, छत इतके उंच की पंखा लांब दांडीवर लटकतो. अशा खोलीत दोन माइकांनी ड्रम जसा मिळतो, तसा मला नंतर फ्लॅटमध्ये कधी मिळाला नाही, म्हणून खोलीच्या बाबतीत मी धुळेकरांच्या बाजूने आहे. अडचण निराळीच होती: मालगाडी निघाली की कानाला काही जाणवण्याआधी किकच्या ट्रॅकवर रेघ जाड होऊ लागे. ओव्हरहेडवर ८० हर्ट्झखालचे कापून टाकता येत असे, पण किकचा जीव तिथेच असतो, त्यामुळे गाडी जाईपर्यंत काड्या मांडीवर ठेवून बसावे लागे. ड्रमर या काळात चहा मागतो आणि ठेक्याची लय विसरतो.

चोपड्याची केळी

खोली सुधारता येते, हे कुणीच का बोलत नाही? अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांना माझा दंडवत; पातळ कागदाने आवाज अडत नाही, फक्त वरचे सूर थोडे मंदावतात आणि झुरळांची सोय होते. आपण कापूस पिकवणाऱ्या भागात राहतो. सरकी काढलेला कापूस बारदानात भरून लाकडी चौकटीत चार इंच जाड बसवा आणि भिंतीपासून थोडे अंतर सोडून उभा करा.

अमळनेरी

जिनिंगमध्ये ठिणगी पडली की काय होते, ते पाहिलेला माणूस खोलीत मोकळा कापूस भरणार नाही. शिवाय उंदीर. जाड गोधड्या दोरीवर टांगा, धुवून पुन्हा पांघरताही येतात.

धुळेकर साउंड

गोधडीने सिंबलचा चुरचुराट कमी होईल, १४० हर्ट्झ नाही. त्या लहरीची चौथाई लांबीच दोन फूट भरते.

केवळ वाचक

सुतळीने मोजताना तापमान धरले आहे का? २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तर आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत जवळपास ३५८.

स्नेअरवाला, जळगाव

दोन्ही अंतरे सारखी असल्यावर आवाज कितीही वेगाने गेला तरी दोन्हीकडे एकाच वेळी पोहोचतो. मे महिन्यात खरी अडचण वेगळी असते. पंखा बंद ठेवावा लागतो आणि तिसऱ्या टेकपर्यंत ड्रमरच्या हातातून काडी निसटू लागते, म्हणून मी पहाटे साडेसहाला सुरुवात करतो. (अमळनेरच्या आजोबांची आगाऊ क्षमा मागतो.)

धुळेकर, खोलीचा मुद्दा तुम्ही इतका ताणलात की त्याखाली तुमचे मूळ विधानच गाडले गेले. आठ माइक हवेत की चांगली खोली, एक काहीतरी ठरवा.

धुळेकर साउंड

बरे, "आठ" हा आकडा मागे घेतो, आपल्या सगळ्यांची झोप सुधारावी म्हणून. चांगल्या खोलीत, सुरात लावलेल्या सेटवर, हात बसलेल्या वादकासह चार माइक पुरतील. या तीनही अटी पूर्ण करणारा हौशी मुलगा मला अजून भेटलेला नाही, पण तो जळगावात असेल तर त्याचे चारही ट्रॅक कुठलाही इक्यू किंवा कंप्रेसर (आवाजाचा पोत आणि जोर बदलणारी साधने) न लावता, कच्चे, मला पाठवावेत. पोलॅरिटी मी माझी तपासून घेईन.

स्नेअरवाला, जळगाव

रविवारी पाठवतो. किकमध्ये उशी आहे, आधीच सांगून ठेवतो, नंतर त्यावरून वाद नको.

शहादेकर

आणि संबळाचे काय ठरले?