प्रतिसाद: ४,२९,४९,६७,२९७ मूळ संख्या नाही

एका पोस्टमध्ये म्हटलंय की ४,२९,४९,६७,२९७ला ५००पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणजे ही मूळच असणार. अजून थोडं पुढे जायला हवं होतं! ६४१ने भागून बघा: ६४१ × ६७,००,४१७.

ही संख्या म्हणजे २^३२ + १. गणितज्ञ फर्माला अशा सगळ्याच संख्या (२चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचा आणि त्यात १ मिळवायचा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७...) मूळ वाटत होत्या. १७३२ साली गणितज्ञ ऑयलरने ही पुढचीच फोडून दाखवली. आकडेमोडीचा त्याचा झपाटा होताच, पण खरी करामत वेगळी. हिचा कुठलाही मूळ अवयव ६४च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो, हे सिद्ध करता येतं. मग तपासायच्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. सगळ्या मूळ संख्यांनी ओळीने भागत गेलात तर ६४१चा नंबर ११६वा लागतो.

भागाकार न करताही पटवता येतं, मला तर हेच जास्त आवडतं. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणजे ६४१ने भागताना ५ × २^७ची बाकी −१ धरता येते. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ची बाकी १. शिवाय ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६), म्हणून ५^४च्या जागी −२^४ चालतं. मग −२^३२ची बाकी १, अर्थात २^३२ + १ला निःशेष भाग.

६७,००,४१७ मात्र मूळच आहे, तिच्या मागे लागू नका. आणि ६५,५३७च्या पुढे या जातीची एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.