माआय: अंतर, पल्ला की टप्पा?

केंडोवरचा (जपानी तलवारबाजीवरचा) एक मजकूर मराठीत आणतोय आणि ‘माआय’ या शब्दापाशी अडलोय. सामना सुरू होताना दोघांच्या रेघांमध्ये २.८ मीटर असतात, ते झालं अंतर. पण शिकवणारे म्हणतात, माआय टेपने मोजता येत नाही. मग ‘पल्ला’ म्हणू का?

— पल्ला नको. तोफेचा पल्ला एकट्या तोफेचा, समोर कुणी नसलं तरी असतोच. माआयला दोघं लागतात. ‘मा’ म्हणजे मधली जागा, ‘आय’ म्हणजे जुळणं; आयकिदोतला ‘आय’ तोच. (दोन्हींचा अर्थ आईच की, असं आमच्या वर्गात कुणीतरी म्हणालंच.) मी ‘टप्पा’ म्हणेन. सावज टप्प्यात आलं म्हणतो, तसं. ‘इस्सोकु-इत्तो’ बघा: एक पाऊल, एक वार. शिनाईंची, म्हणजे बांबूच्या तलवारींची, टोकं जेमतेम एकमेकींवरून गेलेली. पाऊल पुढे टाकलं तर वार लागतो, मागे घेतलं तर चुकतो. शिनाई दोघांची सारखीच, फार तर १२० सेंमी. तरी उंच माणसाचा टप्पा वेगळा, दमलेल्याचा वेगळा. समोरच्याने श्वास आत घेतला की जागचं न हलता तो टप्प्यात येतो.

— टप्पा म्हटलं की मला गोलंदाज दिसतो. ‘अवकाश’ का नाही? ‘मा’च्या चिन्हात दरवाजा आणि आत सूर्य आहे, आणि तो शब्द जागेलाही चालतो, वेळेलाही. आपणही ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ म्हणतोच.

— अर्थाने अगदी चपखल, पण ‘त्याने अवकाश साधला’ वाचून लोकांना यान आठवेल.

— जोडीला ‘सेन’ही बघा, म्हणजे पुढाकार. ‘गो नो सेन’चं सर्रास ‘प्रतिहल्ला’ करतात, ते मला खटकतं. ‘गो’ म्हणजे नंतर, ‘सेन’ म्हणजे आधी. जुना जपानी तलवारबाज मुसाशी तीन सेन सांगतो: आपण चालून जाणं, समोरचा चालून आल्यावर, आणि दोघं एकदम निघाल्यावर. मागून हललात तरी पुढाकार तुमचाच, कारण त्याला टप्प्यात तुम्ही येऊ दिलंत. ‘प्रति’ लावलं की हे सगळं गेलं.

— पटलं. ‘माआय’ तसाच ठेवतो, पहिल्या वेळी कंसात ‘टप्पा’. आणि गो नो सेनला ‘मागून घेतलेला पुढाकार’. लांबलचक आहे, पण चालेल.