पुणे ते तवांग, एकट्याने, ३५० सीसीवर: १८ दिवसांत बसेल का?

प्रश्न: सुटी_मंजूर

नमस्कार मंडळी. दिवाळी-छठ आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्याहून तवांगला निघायचा बेत आहे. एकटाच, मागे कुणी नाही. गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, नवीन जे-सिरीज इंजिनची, स्पोकची चाकं म्हणजे ट्यूबचे टायर. मीटरवर १७,००० किमी, चेन कंपनीतून आलेलीच, बॅटरीला तीन वर्षं होत आली. सुटी एकूण १८ दिवस, त्यात एकही दिवस वाढणार नाही.

विचारायचं ते असं. नागपूरहून रायपूर-संबलपूर-कोलकाता असं जावं की जबलपूर-बनारस-बिहार असं? रोज किती किमी धरावेत? चेन आत्ताच बदलू की परत आल्यावर? पंक्चर काढायला शिकावं लागेल का, की रस्त्यात मिळतोच कुणीतरी? आणि अरुणाचलच्या परमिटचं काय? समृद्धीने गेलो तर पहिल्याच दिवशी नागपूर होईल असं मनात आहे.

उत्तर १: मैलाचा_दगड

समृद्धी आधी खोडा. तिथे दुचाकीला बंदी आहे. अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा लाड हा जुनाच रस्ता, पुण्याहून नागपूर सुमारे ७०० किमी. एका दिवसात ओढू नका. मेहकरला किंवा जमलं तर कारंजाला थांबा.

पुढे मी बिहारमार्गे जायला सांगेन. कोलकात्याकडून गेलात तर फरक्क्यावरून वर यावं लागतं आणि त्या पट्ट्यात ट्रकच्या रांगांत दिवस जातो. उलट नागपूर-सिवनी-जबलपूर-रेवा चौपदरी आहे, आणि गोरखपूरपासून राष्ट्रीय महामार्ग २७ धरला की गोपालगंज, मुझफ्फरपूर, दरभंगा, कोसी महासेतू, फारबिसगंज, अररिया, पूर्णिया करत तुम्ही थेट सिलीगुडीत. हाच २७ नंबर पुढे आसामात नेतो.

मुक्काम साधारण असे पडतात: कारंजा, सिवनी, रेवा, बनारस, गोपालगंज, अररिया, सिलीगुडी, बोंगाईगाव, तेजपूर, दिरांग, तवांग. एका बाजूने सव्वातीन हजार किमीच्या आसपास, अकरा दिवस. रेवा-बनारस (अडीचशे) आणि अररिया-सिलीगुडी (दोनशेच्या आसपास) हे दोन दिवस मुद्दाम छोटे ठेवलेत. चेन, कपडे आणि झोप, तिन्ही त्याच दिवशी होतात.

गुवाहाटीत जाताना शिरायची गरजच नाही. बैहाटा चारियालीला २७ सोडा आणि १५ नंबरने मंगलदै करत ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठानेच तेजपूर गाठा. नकाशावर गुवाहाटी मोठ्या अक्षरात दिसतं म्हणून लोक उगाच पूल ओलांडून जातात आणि परत येतात.

आता रोजचे किमी. चौपदरीवर ३५० ते ४०० धरा, डोंगरात १५० ते २००. ताशी ८० ने चालवलीत तरी चहा, पेट्रोल, वळणरस्ते धरून सरासरी ४५-५० च्या वर जात नाही. पण खरं बंधन किमीचं नाही, उजेडाचं आहे. पुण्यात नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळतं. तेजपूरला साडेचारलाच. घड्याळ देशभर एकच असल्यामुळे पुण्याच्या सवयीने साडेआठला निघणारा माणूस आसामात दोन-तीन तासांचा उजेड फुकट घालवतो. बनारसपासून पुढे रोज साडेपाचला गाडीवर, दुपारी तीनला खोलीत. अंधारात तिकडच्या रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, बिनपट्ट्याचा गतिरोधक हे सगळं एकाच किलोमीटरमध्ये भेटतं. डुआर्समधून (सिलीगुडीच्या पुढचा जंगलपट्टा: सेवक, मालबाजार, चालसा, हासिमारा) गेलात तर संध्याकाळी हत्ती रस्ता ओलांडतात, तिथेही उजेडातच पार व्हा.

टोल दुचाकीला नाही, कडेच्या मोकळ्या पट्टीने जायचं. त्या पट्टीवर वाळू आणि सांडलेलं डिझेल असतं, पुढचा ब्रेक जपून. बिहारात दारूबंदी आहे, २०१६ पासून. सामानात सीलबंद बाटलीसुद्धा नको. तपासणी होते आणि गाडीच अडकते.

उत्तर २: चौदाचा_पाना

रस्त्याचं वर आलंय, मी गाडीचं लिहितो.

आधी बॅटरी. तुमच्या गाडीला किक नाही हे विसरू नका. बॅटरी बसली की उपाय एकच, दुसऱ्या गिअरमध्ये ढकलस्टार्ट, तोही पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) चालेल इतका करंट उरला असेल तरच. एकट्या माणसाने लादलेली दोनशे किलोची गाडी चढावर ढकलायची कल्पना करून बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, चालू इंजिनला रेस दिल्यावर १४ च्या आसपास. सेल मारताना साडेदहाच्या खाली पडत असेल तर बदलाच. तीन वर्षांची आहे म्हणताय, मी न मोजताच बदलेन. टर्मिनलचे स्क्रू हजार-हजार किमीला आवळा, कंपनाने ढिले होतात आणि लोक बॅटरीला दोष देतात. जादा दिवे लावणार असाल तर रिले आणि वेगळा फ्यूज घालून. हेडलाइटच्या वायरीला टोचून जोडलेला दिवा पहिल्या पावसात दगा देतो.

चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी बाहेर ओढून बघा. अर्धा दात उघडा पडत असेल तर संपली. नसेल पडत तरी १७ मध्ये सात-आठ हजार मिळवले की २४-२५ होतात, म्हणजे ती तुमच्या हातात तवांगच्या वाटेवर संपणार. आत्ताच बदला, दोन्ही स्प्रॉकेटसकट, आणि निघण्याआधी निदान ५०० किमी चालवा. नवी चेन सुरुवातीला ताणते, तो ताण घरीच काढून घ्या.

ताण लावताना बहुतेकजण एक चूक करतात: घट्ट लावतात. बसल्यावर आणि सामान चढल्यावर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर जातो तशी चेन आणखी घट्ट होते, आणि मग गिअरबॉक्सच्या तोंडाची बेअरिंग आणि ऑइल सील खराब होतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाच्या ढिल्या टोकाकडे ठेवा. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा, एखाद्या जागी चेन आखडलेली असते, माप त्या जागेचं धरायचं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघून मगच एक्सल आवळा. दर ५०० किमीला आणि पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी, चेन कोमट असताना, केरोसीन किंवा डिझेलने ब्रश मारून पुसा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडा. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांतल्या रबरी ओ-रिंगा फुगतात.

क्लच केबल. सुटी केबल सामानात नेण्यापेक्षा चालू केबलच्या शेजारूनच ओढून घ्या. टाकी उचलून त्याच वाटेने, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण येत नाही ना बघत, दर वीतभर झिपटाय. दोन्ही टोकांना ग्रीस आणि वर इन्सुलेशन टेप. तुटली तर टेप काढायची, वरचं-खालचं टोक अडकवायचं, दहा मिनिटांत गाडी चालू. अॅक्सिलरेटरचंही तसंच करता येतं.

पंक्चर. शिकावंच लागेल. चौपदरीवर दुकान मिळतं, पण अरुणाचलच्या सीमेवरच्या भालुकपोंगच्या वर नाही. आणि दुकान मिळालं तरी पुष्कळ पंक्चरवाले ट्यूब लिव्हरखाली चिमटवून दुसरं भोक पाडतात. घरी मागचं चाक तीनदा काढा-बसवा. असं:

मेन स्टँडवर घ्या. एक्सलच्या नटाचा पाना तुमचाच, घरी लावून पाहिलेला हवा. गाडीसोबत आलेल्या पान्याने तो नट सुटेल याची खात्री नाही, लांब दांड्याचा घ्या. चाक काढल्यावर चावीने वॉल्व्ह पिन काढून सगळी हवा सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमपासून सोडवा. आता वॉल्व्हच्या समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या खोलगट भागात दाबून धरा आणि टॉमी (टायर उचकटायची पट्टी) वॉल्व्हजवळ घाला. ही दाबाची गोष्ट जमली की टायर हाताने निघतो. नाही जमली तर दोन माणसांनीही निघत नाही. ट्यूब काढलीत की टायरच्या आतून फडकं फिरवा, उघडं बोट नको. खिळा सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. हे टाळल्यामुळे एका तासात दुसरं पंक्चर होतं. नवी ट्यूब घालताना तिच्यात जेमतेम गोल होईल इतकी हवा भरा, म्हणजे ती कडेखाली येत नाही. बसवताना उलट: वॉल्व्हच्या समोरून सुरुवात, वॉल्व्हपाशी शेवट. शेवटचं वीतभर अंतर साबणाच्या पाण्याने, जोर लावून नाही. मग ब्रेक पेडल दाबून बघितल्याशिवाय निघू नका.

सोबत: पुढची एक ट्यूब, मागच्या दोन (मापं वेगळी आहेत, १९ आणि १८ इंच), तीन टॉमी, पॅच आणि सोल्युशन, बॅटरीवरचा पंप आणि तो बिघडला तर पायाचा छोटा पंप, स्पार्क प्लग, ब्रेक व क्लचच्या लिव्हरी, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनची एक सुटी कडी, एम-सील, तार, झिपटाय. हे सगळं जड आहे, सॅडलबॅगमध्ये तळाशी आणि फूटरेस्टच्या जवळ ठेवा. मागच्या कॅरिअरवर उंच चढवलंत तर घाटात पुढचं चाक हलकं लागतं. बंजी कॉर्डऐवजी पट्टे वापरा. सुटलेला हूक मागच्या स्प्रॉकेटमध्ये गेला तर चाक जाम होतं.

उत्तर ३: सेला_पलीकडे

परमिट: अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन निघतं, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं. जाण्याच्या मार्गात भालुकपोंगचा नाका आणि तवांग जिल्हा दोन्ही येतील असं भरा. तीन छापील प्रती ठेवा, नाक्यावर मोबाईलला रेंज असेलच असं नाही. आसाम आणि मेघालयाला परमिट नाही. परतताना नागालँड, मिझोराम, मणिपूरकडे वळायचं मनात आलं तर तिथे प्रत्येकाचं वेगळं लागतं. बूमला खिंडीची परवानगी तवांगमध्येच वेगळी काढावी लागते, त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवा.

वर साडेपाचला निघायला सांगितलंय ते दिरांगपर्यंत बरोबर. दिरांग-तवांगच्या दिवशी मात्र उलटं करा, साडेसात-आठच्या आधी निघू नका. नोव्हेंबरअखेर सेला खिंडीच्या सावलीतल्या वळणांवर रात्री ओघळलेलं पाणी गोठतं, आणि तो बर्फ पांढरा नसतो. ओला डांबरी रस्ता वाटतो फक्त. ऊन पडून तास-दोन तास गेले की सुटतो. कोरड्या सकाळी रस्त्याचा एखादाच तुकडा चकचकीत दिसला तर क्लच दाबू नका, ब्रेक लावू नका, गाडी सरळ ठेवून आहे त्या गिअरमध्ये हळू पार करा.

२०२४ च्या मार्चपासून सेला बोगदा सुरू आहे, त्यामुळे १३,७०० फुटांचा माथा टाळता येतो. बोगदाही १३,००० फुटांच्या आसपासच आहे, तेव्हा उंची चुकली असं समजू नका. जाताना बोगद्याने जा, परतताना आकाश स्वच्छ असेल तर दुपारच्या आत जुन्या खिंडीने या. इंजिनची ताकद तिथे साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरते. फ्युएल इंजेक्शन असल्याने कार्ब्युरेटरचे जेट बदलायची भानगड नाही, एक गिअर खालीच चालवायचं एवढंच.

दिरांगला रात्र काढाच, सुमारे पाच हजार फूट आहे. तेजपूरहून एका दमात तवांग (१०,००० फूट) केलंत तर डोकं दुखणार. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा झोकांड्या जाऊ लागल्या तर गोळी घेऊन पुढे जायचं नाही, खाली उतरायचं. एकटं असताना हे ठरवायला शेजारी कुणी नसतं, म्हणून नियम आधीच ठरवून ठेवा.

पेट्रोल तेजपूरला टाकी भरून, मग बोमडिला किंवा दिरांगला पुन्हा. १३ लिटरची टाकी आहे, कॅन नको. रोख पैसे ठेवा, वरती यूपीआय अडतं.

सुटी_मंजूर

मनापासून आभार. पण अकरा दिवस जायला, म्हणजे यायलाही दहा. १८ मध्ये बसत नाही. अंतर वाढवून रोज ५५० करू का?

उत्तर ४: मैलाचा_दगड

नको. गुवाहाटीहून गाडी रेल्वेने पाठवा, तुम्ही विमानाने या. हिशेब बघा: जायला ११, तवांगमध्ये २, तवांग-दिरांग-तेजपूर-गुवाहाटी ३, बुकिंगला १, प्रवासाला १. झाले १८.

पार्सल म्हणून टाकलीत तर तिकीट लागत नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत (कुर्ला) थेट गाडी आहे, तिनेच पाठवा. मध्ये बदली करावी लागणारी पार्सलं जंक्शनावर दिवसेंदिवस पडून राहतात. आदल्या दिवशी दुपारच्या आत पार्सल ऑफिस गाठा. आरसी आणि ओळखपत्राच्या दोन-दोन प्रती. टाकी पूर्ण रिकामी हवी, म्हणून गुवाहाटीत शिरताना शंभर-दोनशे रुपयांचंच पेट्रोल टाका, उरलेलं पाइप लावून काढा. आरसे उतरवून बॅगेत. पॅकिंगवाले बाहेरच असतात, त्यांना टाकी आणि हेडलाइटवर आधी पुठ्ठा, मग गवत, मग गोणपाट असं सांगून समोर उभं राहून करून घ्या. नुसतं गोणपाट घासून टाकीचा रंग जातो. गाडीवर पुठ्ठ्याची पाटी: कुठून, कुठे, पार्सल नंबर, जाड मार्करने, दोन बाजूंना. पावती हरवू नका, सोडवताना तीच मागतात. आल्याचं कळलं की लगेच सोडवा, ठरावीक वेळेनंतर जागेचं भाडं चढतं.

उत्तर ५: चौदाचा_पाना

आणि टाकी रिकामी करण्याआधी चेनला तेल, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. कुर्ल्याला उतरल्यावर बाटलीभर पेट्रोल घेऊन जा. इंजेक्शनची गाडी आहे, चावी तीन-चारदा चालू-बंद करून पंपाला लाइन भरू द्या, मगच सेल मारा. कुर्ल्याहून पुण्याला येताना एक्स्प्रेसवेलाही दुचाकी चालत नाही, जुन्या हायवेने या.