‘मढ्याची हाडं आपल्यात नकोत’ या लेखाला उत्तर (लांब आहे, इलाज नाही)

सायली_के
काल इथे आलेल्या त्या लेखाला भराभर बदाम पडताना बघून डोकं फिरलं. लेखाचं सार एवढंच: इस्पितळं परदेशातून मेलेल्यांची हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणून आपल्याला डकवतात, त्यातून रोग येतात, आणि स्वतःचं असताना परक्याचं घ्यायचंच कशाला.

माझ्या आईच्या खुब्याचं रिव्हिजन झालं, म्हणजे आधी बसवलेला कृत्रिम सांधा काढून नवा बसवला. जुना कप सैल होऊन आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं होतं, एक्स-रेत सरळ खड्डा दिसायचा. नवा कप बसवायचा तर तो खड्डा भरायचा कशाने? पहिल्या ऑपरेशनला स्वतःचा बॉल (मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक) हाताशी असतो, दुसऱ्या वेळी तोही नसतो. कमरेच्या हाडातून खरवडून थोडंसंच निघतं, आणि म्हातारीला तिथलं दुखणं वेगळं. सर्जननी दात्याचा बॉल मागवला, त्याचा चुरा केला आणि थर देत ठोकून बसवला. तो दाता मढं वगैरे नव्हता. कुणाचा तरी खुबा बदलताना निघालेला बॉल होता, एरवी पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेला असता.

आणि ‘परदेशातून’? टाटा मेमोरियलची टिश्यू बँक, म्हणजे दात्यांच्या उती जपून ठेवणारी जागा, १९८८ पासून मुंबईतच आहे. हाडं तिथे सुकवतात आणि ट्रॉम्बेच्या आयसोमेड या किरण-केंद्रात गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. लिहिण्याआधी एवढं तरी बघायचं.

रांगडा_रेडर
ताई, आईंना बरं वाटतंय, आनंद आहे. आता माझ्या भावाचं ऐका. वय १९, कबड्डीच्या चढाईत पाय अडकला, एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारी लिगामेंट) गेली. डॉक्टर म्हणाले, दात्याचा टेंडन टाकू, मांडीला चिरा नाही, दुखणं कमी. आम्ही माना डोलावल्या. पुढच्या मोसमात साधं वळताना परत फाटली. दुसऱ्या ऑपरेशनला त्याच्याच मांडीमागचं हॅमस्ट्रिंग टेंडन काढलं, म्हणजे जो चिरा वाचवला तो पडलाच. पोरगं आता बँकेच्या परीक्षा देतंय. बिलावर फक्त ‘ग्राफ्ट’ (म्हणजे बसवलेला तुकडा) आणि पुढे आकडा. लेखवाल्याची भाषा घाण आहे, पण मुद्दा खोटा कसा म्हणू?

प्लास्टरवाला
ऑर्थोत रेसिडेन्सी चालू आहे, नाव विचारू नका.

रेडरभाऊ, तुमचा राग जागेवर आहे. अमेरिकेत ‘मून’ नावाच्या गटाने एसीएलच्या रुग्णांचा पाठपुरावा केला. सगळ्यात जास्त ग्राफ्ट फाटले ते १० ते १९ वयात, आणि दात्याचा टेंडन असेल तर फाटण्याची शक्यता साधारण चौपट. म्हणून खेळणाऱ्या पोराला पहिल्या ऑपरेशनला हॅमस्ट्रिंग, वाटीखालचा टेंडन, नाहीतर घोट्याकडचा पेरोनियस घेतात, त्याचाच. पण बाइकच्या अपघातात गुडघा निखळून तीन लिगामेंट एकदम गेली तर एकाच माणसातून किती काढाल? तिथे दात्याचंच लागतं. खुब्यातला चुरा म्हणजे भराव, त्यावर हळूहळू स्वतःचं हाड धरतं. टेंडनला पहिल्या दिवसापासून ताण सोसायचा असतो. दोन्हींना एकाच तराजूत घालून भांडताय तुम्ही.

तांबडी_माती
सगळे ग्राफ्टवर तुटून पडलेत, एसीएल फाटतेच का हे कुणी विचारेना. मॅट! मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट चिकटतो, वरचं शरीर फिरतं आणि गुडघा जातो. आमच्या वेळी कोपरं सोलायची, ऑपरेशनं नव्हती.

रांगडा_रेडर
तुमच्या वेळी गुडघा गेला की हळद लावून घरी बसवायचे. एमआरआय होता का? मॅट आली म्हणून २०१४ नंतर पोरांना प्रो कबड्डीच्या लिलावात पैसे दिसले.

तांबडी_माती
पैसे किती जणांना? बाकीच्यांना नीकॅप. स्वतःच्या भावाचं बघूनही मॅटची वकिली करताय, कमाल आहे.

रांगडा_रेडर
भावाला मधे आणू नका.

प्लास्टरवाला
आमच्या ओपीडीत तालमीतले पैलवानही येतात गुडघा धरून. त्यांच्या आखाड्यात मातीच असते.

तांबडी_माती
पैलवानाचं वजन बघा आणि मग बोला. पुस्तकी लोक!

शंकासुर
मॅट गुंडाळा जरा. सायलीताई, गॅमाचं कौतुक ऐकलं. २००१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात २३ वर्षांचा तरुण गुडघ्याच्या साध्या ऑपरेशननंतर काही दिवसांत गेला. दात्याच्या तुकड्यात क्लॉस्ट्रिडियम हा जीवाणू होता, ते प्रेत १९ तास थंडाव्याबाहेर पडून होतं. २०२१ मध्ये तिकडेच एका दात्याच्या हाडापासून केलेलं मिश्रण ११३ जणांत भरलं गेलं, आणि पुष्कळांना टीबी. टीबीत आपण कुठे आहोत ते सांगायला नकोच.

प्लास्टरवाला
दोन्ही खरं. पण दोन्हीकडे माल शेवटी निर्जंतुक केलेला नव्हता. टीबीवाल्यात जिवंत पेशी राखायच्या होत्या, किरण दिले असते तर त्या मेल्या असत्या.

शंकासुर
म्हणजे किरण दिले तर टेंडन कमजोर, नाही दिले तर टीबी. वा! निवडा हवं ते.

प्लास्टरवाला
टोमणा बरोबर बसलाय. चुऱ्याला ताणाची ताकद लागत नाही, म्हणून त्याला २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) बिनधास्त देता येतात. टेंडनला ती चैन नाही. नुसत्या गोठवलेल्या बॉलला किरणही मिळत नाहीत, म्हणून दात्याची सहा महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी होईपर्यंत तो बाजूला ठेवायची पद्धत आहे. ती कोण किती पाळतं, तिथे खरं भांडण करा.

निवृत्त_मास्तर
दधीचीची गोष्ट वर्गात तीस वर्षं सांगितली. स्वतः हाडं देतो म्हणालो तर घरात रडारड, ‘पाय पिशवीसारखे लोंबतील’. अहो, आत दांडे घालून शिवून देतात, अंगावर कपडे असताना कळतही नाही. १९९४ च्या अवयवदान कायद्यात २०११ ला दुरुस्ती होऊन हाडांसारख्या उतीही आल्या, पण माझ्या धाकट्या मेहुण्याला अजून नेत्रदानापुढचं काही पटत नाही. शेवटी सही नातेवाइकांचीच लागते, आणि तो मेहुणा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

सायली_के
मास्तर, मेहुण्याला हा धागा दाखवा. नको, मॅटवाला भाग सोडून दाखवा.

रेडर, तुमच्या भावाच्या बाबतीत चूक झाली. दात्याचा टेंडन घालताना पर्याय समोर ठेवायलाच हवे होते. पण त्यासाठी टिश्यू बँका बदनाम का करायच्या?

रांगडा_रेडर
बरं, खुब्याचं मान्य. मास्तरांचे दांडेही मान्य. ज्याने १९ वर्षांच्या पोराला तो टेंडन टाकला त्याला शिव्या चालूच राहतील. आणि ऑपरेशनला बसणाऱ्या प्रत्येकाने ग्राफ्टच्या पाकिटावरचा लॉट नंबरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्या. आमच्या फाइलमध्ये तो नाही. कुठून आला, किरण दिले की नाही, आता कुणाला विचारू?

शंकासुर
स्टिकरला अनुमोदन. बाकी कशालाही नाही.

तांबडी_माती
मॅटवर एकानेही धड उत्तर दिलं नाही.

प्लास्टरवाला
वेगळा धागा काढा.

तांबडी_माती
काढलाय कधीच. हिंमत असेल तर या तिकडे.