पॅनल खोटं नाही, वायर बघा

शंभर वॅटचं सोलर पॅनल भर उन्हात ६५-७० वॅटच देतं म्हणजे दुकानदाराने फसवलं, हे म्हणणं मला पटत नाही. पॅनलमागचं लेबल वाचा, साधारण १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर असेल. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर असतो; त्यातला साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा, पॅनलला थेट बॅटरीशी जोडतो, म्हणून पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालावं लागतं. बॅटरीचे साडेबारा व्होल्ट गुणिले साडेपाच अँपिअर, म्हणजे ६९ वॅट. वरचे व्होल्ट वाया. एमपीपीटी या महागड्या प्रकारच्या कंट्रोलरने ते कामी येतात, पण एकाच पॅनलसाठी तो खर्च मला तरी जड वाटतो.

उन्हाळ्याचा मुद्दा मात्र कुणी काढला नाही. इथे इंदूरला मे महिन्यात पत्र्याला चिकटवलेल्या पॅनलला हात लावून बघा, चटका बसतो. पॅनलमधले सेल ६५ अंशांवर गेले की १८ व्होल्टचे जेमतेम १५ उरतात, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. त्यात गच्चीवरून खाली लांबलचक बारीक वायर आणली की उरलेला फरक तीच खाते. बॅटरी रोज अर्धवट भरते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. रामबागेत शेजाऱ्यांकडे चार स्क्वेअर एमएमची जाड वायर टाकली, पॅनल पत्र्यापासून वीतभर उचललं. बॅटरी तीच, पण आता दुपारीच फुल होते.